बंब तयार आहे

भित्र्या माणसाने धंदा काढू नये, असे म्हणतात. मी काढला. त्यामुळे भीती कमी झाली नाही, पण पूर्वी ती विनाकारण वाटत असे, आता तिला कारणे मिळाली, एवढा फरक पडला.

सुरुवात एका पाहुण्यापासून झाली. लोणावळ्याच्या मराठी शाळेतून सेकंड मास्तर म्हणून निवृत्त होऊन मला सहा महिने झाले होते. कार्तिकातली सकाळ होती. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो, आणि मुंबईचे एक गृहस्थ, धर्मशाळेत उतरलेले, कुडकुडत फाटकाशी येऊन म्हणाले, "आजोबा, इथे कुठे ऊन पाणी मिळेल का हो? धर्मशाळेतलं पाणी अंगावर घेतलं तर माझी बायको विधवा होईल."

नाही म्हणायला मला फार धैर्य लागते. म्हणून मी हो म्हणालो. गृहस्थांनी आमच्या बंबातल्या पाण्याने पाऊण तास आंघोळ केली आणि गुलाबी होऊन बाहेर आले. "मास्तर, नाताळात इथे शेकडो माणसं येतात," ते म्हणाले. "तुम्ही ऊन पाण्याचा धंदा काढा. सोनं आहे हे." एवढे बोलून ते मुंबईला गेले. असली वाक्ये बोलणारी माणसे नेहमी त्यानंतर मुंबईला जातात.

आमचा बंब साधा नव्हता. कुटुंबाच्या वडिलांनी तिच्या लग्नात दिलेला, तांब्याचा, माझ्या छातीइतका उंच. वर धुराडे, खाली पितळी तोटी. गेली तेहतीस वर्षे दर शनिवारी ती तो चिंचेने घासते. मी चाचरत धंद्याची कल्पना सांगितली तेव्हा तिने भाकरी उलटली आणि मग म्हणाली, "काढा. पण दोन गोष्टी सांगते. बंबाला पोचा आला तर मला तोंड दाखवू नका. आणि काढलात तर मधेच सोडू नका. जन्मभर तुम्ही सगळं पहिल्या पानावर सोडलंत, पुस्तकं सोडून."

हे खरे होते. हाही धंदा सोडला तर यापुढे मी कशालाही हात लावणार नाही, आणि ती कधी लावायला सांगणारही नाही, हे दोघांनाही कळले. 

बातमी आळीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. समोरच्या कस्तुराबाई म्हणाल्या, न्हाणीत कोणी घसरून मेला तर भूत तुमच्याच परसात राहील. हौशीराम वाण्याने विचारले, सगळ्यांना एकच बंब? मग आधी कोणी आंघोळ करायची आणि नंतर कोणी, हे कोण ठरवणार? यावरून राज्ये बुडाली आहेत, मास्तर. आणखी एकाने उकळत्या पाण्याने सोललेल्या माणसाची हकिकत सांगितली. ती इतकी तपशीलवार होती की त्या दिवशी मी चहासुद्धा गार करून प्यायलो.

धीर दिला तो एकट्या दत्तोबांनी. दत्तोबा आमचे शेजारी. घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर त्यांनी सत्तावीस वर्षे कोळसा मारला. रेल्वेत या हुद्द्याला फायरमन म्हणतात. मग घाटात विजेची इंजिने आली आणि दत्तोबांची चूल विझली. तेव्हापासून ते स्वतःच्या दारात बसून विजेच्या इंजिनांना शिव्या देत.

"मास्तर, बंब मी सांभाळतो," ते म्हणाले. "जाळ, पाणी, प्रेशर, सगळं माझ्याकडे. तुम्ही फक्त लाईन क्लियर द्या."

"बंबात प्रेशर नसतं, दत्तोबा."

"ते मी आणतो."

या उत्तराने माझी दोन रात्रींची झोप गेली. पण त्यांना नाही म्हणण्याचेही धैर्य नव्हते.

आता परवाना. कचेरीत अर्ज करावा लागेल असे कळले. कोणत्या कचेरीत ते लिहीत नाही, कारण मला अजून तिथे जायचे आहे. अर्ज लिहायला मी तीन दिवस घेतले. पहिल्या खर्ड्यात 'आंघोळ' हा शब्द आला होता. पुन्हा वाचताना माझे कान तापले. सरकारपुढे, तेही पहिल्याच ओळखीत, एकदम आंघोळीचा विषय काढायचा? दुसऱ्या खर्ड्यात मी 'स्नान' केले. तरी त्यात उघडे अंग दिसतच होते. तिसऱ्या खर्ड्यात तो भाग गाळून मी सभ्यपणे लिहिले: 'आमचे येथे तांब्याचा मोठा बंब असून तो अडचणीच्या वेळी लोकांच्या उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे. बंबाची व्यवस्था पाहण्यास दत्तोबा हे अनुभवी फायरमन ठेवले आहेत. तरी परवानगी असावी.' मजकूर मला फार आवडला. त्यात एकही लाजिरवाणा शब्द नव्हता.

कारकुनाने अर्ज न पाहताच सांगितले, "हे या खात्यात येत नाही."

"बरं," म्हणून मी निघालो. नाही हा शब्द ऐकून माझे पाय नेहमीच हलके होतात. तेवढ्यात त्याची नजर अर्जावर पडली. तो एकदम उभा राहिला.

"बंब? तुमच्या मालकीचा? आणि फायरमनसुद्धा? अहो, बसा ना!" त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली.

सरकारी कचेरीत मला खुर्ची मिळण्याची ही पहिलीच वेळ. माणसाला अटक करण्यापूर्वी बसवतात असे मी वाचले होते. खुर्चीच्या कडेवर टेकून मी घाम पुसत राहिलो. कारकून आत जाऊन साहेबाला घेऊन आला. साहेबाने माझा हात हातात घेऊन हलवला. "वरून दोन वर्षं विचारणा होतेय," ते म्हणाले, "आणि आमच्याकडे तरतूद नाही. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव आहे."

सरकार जनतेच्या आंघोळीबद्दल इतके हळवे असेल, याची मला कल्पना नव्हती. मी भारावून घरी आलो. चार दिवसांत परवाना आला, आणि चार दिवसांत काहीही देणारी कचेरी पाहून मी पुन्हा घाबरलो.

परवान्यात शर्ती होत्या. बंब सदैव पाण्याने भरलेला असावा. ठीक. जवळ बादल्या नग आठ असाव्यात. तेही समजले. बंबास मोठ्या आवाजाची घंटा असावी. बंब चाकांवर असावा. आणि हाक येताच, ती कोणाचीही असो, बंबासह तात्काळ निघावे. कसूर केल्यास कारवाई होईल.

"कुठं निघायचं?" कुटुंबाने विचारले.

दत्तोबांनी कागद उलटासुलटा पाहिला. त्यांना वाचता येत नव्हते, पण मत देता येत होते. "गिऱ्हाईक बोलावील तिथं! बंगल्यातली माणसं काय तुमच्या परसात येणार? ऊन पाणी दारात न्यायचं. सायबाचं डोकं लांब चालतं."

"बंब घराबाहेर जाणार नाही," कुटुंब म्हणाली. मी तिला 'कारवाई' हा शब्द दाखवला. तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जसा जाईल तसा परत आला पाहिजे."

बंब हातगाडीवर चढला. घंटा आमच्याकडे होतीच. माझ्या निरोपसमारंभाच्या वेळी शाळेत नवी घंटा आली होती, आणि शालीची वर्गणी जमली नव्हती. म्हणून जुनी, तडा गेलेली घंटा मला सन्मानपूर्वक देण्यात आली होती. ती गाडीच्या दांडीला टांगली. पाटी रंगवून घेतली. पाटीवरही तो शब्द लिहवेना. शेवटी 'येथे बंब तयार आहे' एवढेच लिहिले. समजणाऱ्याला समजेल.

दत्तजयंतीला धंदा सुरू झाला. धंदा सुरू करणाऱ्याला दोन भीती असतात: गिऱ्हाईक येणार नाही ही एक, आणि गिऱ्हाईक येईल ही दुसरी. दुसरी जास्त जाळते. पहिल्या दिवशी कोणीही आले नाही. मला अतिशय दुःख झाले, आणि सुटल्यासारखेही वाटले. दुसऱ्या दिवशी फाटक वाजले आणि मी थेट माजघरात जाऊन धान्याच्या कणगीमागे उभा राहिलो. माणूस थोडा थांबून निघून गेला. कुटुंबाने विचारले, "कोण होतं?" मी म्हणालो, "वारा."

तिसऱ्या दिवशी कोट घातलेले एक गृहस्थ पाटी वाचून थांबले. या वेळी मी ओट्यावरच होतो; पळायला जागा नव्हती.

"काय हो, इथे आग लागलीय का?" त्यांनी विचारले.

तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला हे असे विचारणे! मी मान वळवून पुस्तकात घातली. लोकांचा धंदा पाहून जळणारी माणसे असतात, हे दत्तोबांनी सांगितले होतेच. पान मात्र तासभर उलटले नाही.

डोंगरातल्या ठाकरवाडीची गंगी बंबफोडाची, म्हणजे बंबात घालायच्या ढलप्यांची, मोळी टाकायला येई. तिने चाके, घंटा, बादल्या, धुराडे सगळे नीट पाहिले आणि म्हणाली, "आबा, पोटात जाळ, वर पानी, खाली चाकं. ह्ये जनावर खातं काय अन् करतं काय?"

"लोकांच्या उपयोगी पडतं," मी म्हणालो.

"पडू द्या," ती म्हणाली. "फकस्त आंगावर पडू नगा म्हनावं."

चौथ्या दिवशी कुसगावचा मारुती आला. हा माझा जुना विद्यार्थी; तिसरीत सलग दोन वर्षे होता, त्यामुळे ओळख पक्की. त्याने चपला बाहेर काढल्या आणि बंबाला हात जोडले.

"कचेरीचा शिपाई आलता, मास्तर. म्हनला, आता बंब आलाय, काळजी न्हाई. आमाला लय धीर आला बगा."

सरकार माझ्या धंद्याची जाहिरात करीत होते! माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"मग मास्तर, लागली तर याल नव्हं?"

"गरज लागली तर अवश्य येऊ. फक्त जरा आधी सांगा."

मारुती गोंधळला. "आदी कसं सांगनार? ती काय सांगून लागती व्हय?"

"तरी, अर्धा तास. पाणी तापायला वेळ लागतो."

"तापायला?"

"मग! गार पाण्याने काय होणार?"

"गार पान्यानं हुतच न्हाई म्हनता?"

"होतं, पण मजा नाही," मी म्हणालो.

मारुतीने पुन्हा एकदा बंबाला हात जोडले. मग मान हलवत, पाठ न दाखवता, मागे मागे फाटकापर्यंत गेला. "शिकल्याल्या मान्साची गोष्टच येगळी," असे तो स्वतःशी पुटपुटल्याचे मी ऐकले. पहिले गिऱ्हाईक ठरले म्हणून मी कुटुंबाला हाक मारून सांगितले. तिने त्या दिवशी शिरा केला. धंद्यात चढ-उतार असतात म्हणतात. त्या शिऱ्याचा चढ मी विसरणार नाही, कारण उतार दुसऱ्याच दिवशी होता.

दुपारचे दोन वाजले असतील. मारुतीचा भाऊ नथू धापा टाकीत फाटकातून आत आला. "मास्तर! लागली! चला, बिगी बिगी!"

"किती माणसं आहेत?" मी हिशेबाने विचारले.

"आक्का गाव हाय तितं!"

अख्खे गाव! माझ्याकडे टॉवेल एकच होता. पण परवान्यातली शर्त समोर होती: तात्काळ निघावे. दत्तोबांनी जाळात बंबफोड कोंबला, नथूने दांडी धरली, आणि आम्ही निघालो. घंटा खणखणत होती, बादल्या आदळत होत्या, धुराड्यातून ठिणग्या उडत होत्या, आणि मी मागून टॉवेल आणि साबणाची वडी घेऊन धावत होतो. रस्त्यातली माणसे बाजूला होऊन ओरडत होती, "बंब आला! बंब आला!" लोकांना आंघोळीची इतकी ओढ असते हे मला ठाऊकच नव्हते.

कुसगावच्या वळणावर धूर दिसला.

मारुतीच्या परसात गवताच्या तीन गंज्या होत्या. एक पेटली होती, जशी होळी. उरलेल्या दोन तिच्यापासून दहा-बारा हातांवर, आणि त्यांना लागून गोठा, गोठ्याला लागून घर. त्या क्षणी अर्जाचा तिसरा खर्डा, साहेबाचा हात, घंटा, चाके, कोटवाले गृहस्थ, सगळे माझ्या डोळ्यांपुढून ओळीने गेले. लागली म्हणजे काय ते मला कळले. आपण गाळलेला एक शब्द किती लांब जाऊ शकतो, हेही कळले. आणि या जगात आगीकडे निखारे घेऊन धावत येणारा पहिला बंबवाला मीच, हे कळल्यावर हातातली साबणाची वडी मातीत पडली.

गर्दीने वाट करून दिली. पन्नास माणसे होती. एकजण विहिरीकडे पळा म्हणत होता, दुसरा गुरे सोडा म्हणत होता, आणि सगळे जागच्या जागी ओरडत होते. आता ते गप्प होऊन माझ्याकडे बघू लागले.

"सोडा पानी, मास्तर!" मारुती ओरडला.

दत्तोबांनी ऐटीत तोटी फिरवली. उंदराच्या शेपटीएवढी धार आली. तिच्यातून वाफ निघत होती.

मारुतीची म्हातारी आई सरुबाई पुढे आली. तिने धारेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "ह्यानं इजनार व्हय?" ती म्हणाली. "ह्यात तर माजा च्या बी व्हनार न्हाई."

मला पळायचे होते. खोटे कशाला बोलू? मागे वळायला मी दांडी धरलीही होती. माझा हात इतका थरथरत होता की दांडीबरोबर घंटा हलली आणि वाजू लागली. मी हात आवरायला गेलो तर ती आणखीच वाजली. त्या तडकलेल्या घंटेचा आवाज त्या गावात एकाच जागचा म्हणून माहीत होता. ऐकताच गर्दी सरळ उभी राहिली. कुणी डोक्यावरची टोपी नीट केली. कुणी तोंडातली तंबाखू गिळली. त्यांतले तीस-पस्तीसजण माझ्या वर्गातून गेलेले होते, आणि घंटेनंतर काय होते ते त्यांच्या अंगात मुरलेले होते.

आणि माझ्या तोंडून, माझी परवानगी न घेता, जुने वाक्य बाहेर पडले: "गोंगाट बंद! उंचीप्रमाणे उभे राहा!"

ते उभे राहिले. उंचीप्रमाणे! विहिरीपासून गंजीपर्यंत रांग लागली. मग बादल्या. सरकारने सांगितलेल्या आठ बादल्या हातोहात सरकू लागल्या, पण कोणी घाईत दोन धरी, कोणी रिकामी पुढे ढकली. म्हणून मी पाढा सुरू केला. "बे एके बे!" बादली पुढे. "बे दुणे चार!" पुढे. पन्नास गळ्यांनी पाढा उचलला. सरुबाईने घरातली घोंगडी आणि पोती भिजवून दोन्ही गंज्यांवर टाकायला लावली. पेटलेली गंजी गेली ती गेलीच. पण सतराच्या पाढ्यापर्यंत ठिणग्या कमी झाल्या, एकोणिसाला गोठा वाचला. तेविसाला रांग अडली, कारण पुढचा कुणालाच येत नव्हता. सुदैवाने तोवर विझवण्यासारखेही काही उरले नव्हते.

मी शूर झालो असे कोणी समजू नये. पाढा म्हणताना चूक होईल या भीतीने माणसाला दुसरी भीती सुचत नाही, इतकेच.

मागे वळून पाहिले तर दत्तोबा बंबाशी ओणवे होऊन जाळात लाकडे सारत होते. ओल्या गंजीपासून पंधरा पावलांवर!

"दत्तोबा! हे काय चालवलंय?"

"प्रेशर पडू दिलं नाही, मास्तर," ते घाम पुसत म्हणाले. "सत्तावीस वर्षांत कधी पडू दिलं नाही."

मग मी खरोखरच खाली बसलो.

आता सगळे माझ्याभोवती जमले. आता हसतील, मग विचारतील, मग कचेरीत जातील, असा क्रम मी मनात लावला. पण ते नुसते हात झटकत होते. राखेने आणि काजळीने सगळी माणसे सारखीच काळी झाली होती. कोण मारुती, कोण नथू, कोण वरच्या आळीचा, कोण वाडीवरून धावत आलेला, काही ओळखू येत नव्हते. पौषाच्या तोंडचा वारा सुटला होता आणि भिजलेली अंगे काकडत होती.

सरुबाईने तोटीखाली हात धरला. "आगं बया," ती म्हणाली, "कडक हाय की! आरं, न्हाऊन घ्या रं!"

रांग अजून मोडली नव्हती. विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर एकेकजण बसू लागला. दत्तोबा पाणी सोडीत, नथू विहिरीचे पाणी बंबात ओती, आणि मातीतली साबणाची वडी शोधून कुणीतरी धुऊन आणली. आधी कोणी आणि नंतर कोणी, हे राज्ये बुडवणारे कोडे तिथे कुणाला पडलेच नाही. उंचीप्रमाणे चालले होते. माणसे काळी बसत आणि आपापल्या रंगाची होऊन उठत. बेचाळीस आंघोळी झाल्या. मी मोजल्या, मास्तराला मोजायची सवय असते. शेवटी मारुती न्हाला. त्याची एक गंजी गेली होती, दोन आणि घर शिल्लक होते. अंग पुसत तो माझ्यापाशी आला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "आता न्हाई लागली तरी येत जा."

घरी आलो तेव्हा कुटुंब फाटकात उभी होती. बंब काजळला होता, धुराड्याचे झाकण हरवले होते, आणि पोटाला, अगदी समोर, बोराएवढा पोचा होता. मी तोंड दुसरीकडे केले. तशी अटच होती.

तिने पदराने पोचा पुसून पाहिला. "तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरलो."

"मग सोडून का आला नाहीत?"

"घंटा वाजत होती," मी म्हणालो.

ती आत जाऊन चिंच घेऊन आली आणि शनिवार नसताना बंब घासायला बसली. पोचा मात्र तिने तांबटाकडे दिला नाही. आता तो सगळ्यात जास्त चकाकतो.

आठव्या दिवशी कचेरीचा कागद आला. उघडण्यापूर्वी मी पाणी प्यायलो. 'आगीच्या बंबातील पाण्याने बेचाळीस इसमांस आंघोळ घातल्याचे समजते. आगीच्या प्रसंगी बंबातील पाणी गरम कां होते, व ते कोणाच्या आज्ञेने तापविण्यात आले, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

आज सातवा दिवस. दोन खर्डे झाले. दोन्हींत मी 'लोकांची निकड' आणि 'तत्कालीन परिस्थिती' असे काही लिहीत राहिलो. कुटुंबाने ते वाचले आणि दौत माझ्यापुढे सरकवली. "या खेपेला तो शब्द लिहा."

दोनदा टाक वाळला. तरी तिसऱ्या खर्ड्याच्या पहिल्या ओळीत, फळ्यावर लिहावे तसे ठळक, मी लिहिले: आंघोळ. कागदावर तो शब्द तसा काही वाईट दिसत नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजले. माझे पाय सवयीने कणगीकडे वळले. बाहेर नथू उभा होता.

"लागली?" मी विचारले.

"न्हाई लागली," नथू म्हणाला. "म्हनूनच आलोय."

मी टोपी घातली आणि दत्तोबांना लाईन क्लियर दिली.